गुडघ्यांचा घसारा कोणाच्या खात्यावर?

कारखान्याच्या ताळेबंदात यंत्राच्या झिजेला स्वतंत्र रकाना असतो. यंत्र दरवर्षी थोडे थोडे निकामी होत जाते हे गृहीत धरून मालक नफ्यातून घसारा बाजूला काढतो. आयकर खातेही सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर दरसाल १५ टक्के घसाऱ्याची वजावट मान्य करते. यात गैर काहीच नाही. परंतु ज्या माणसाच्या पाठीवरून गोणी गोदामात जाते, ज्या बाईच्या खुरप्याने शेत तणमुक्त होते, त्यांच्या देहाच्या झिजेला मात्र कोणत्याही ताळेबंदात रकाना नाही. ती झीज मालकाच्या खर्चात धरली जात नाही, सरकारच्या अंदाजपत्रकात तिला शीर्षक नाही. ती शेवटी श्रमिकाच्या घरातल्या खाटेवर येऊन पडते. गुडघ्याचे दुखणे हे या हिशेबातील सर्वांत परिचित आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित उदाहरण होय.

या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. लोकांच्या बोलीत ‘वाट्या झिजल्या’ किंवा ‘वंगण संपले’ असे म्हटले जाते. मांडीचे आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांवर टेकतात तेथे हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो विरळ होत जातो, हाडाच्या कडा वाढतात, सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि मांडीचे स्नायू दुबळे होतात. सकाळी उठताना आखडणे, जिना उतरताना कळ येणे, जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागणे ही त्याची नेहमीची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना सांध्यांचा हा विकार होता आणि त्यांपैकी ३६ कोटी ५० लाख लोकांचे गुडघेच दुखत होते. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे. भारतातील शहरे व खेडी यांची पाहणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण २८.७ टक्के आढळले. एवढ्या व्यापक दुखण्याला खासगी तक्रार मानता येणार नाही.

तरीही ‘वयोमानाप्रमाणे होणारच’ या एका वाक्यावर त्याची बोळवण केली जाते. वय हे एक कारण आहे, यात शंका नाही. वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता हीदेखील कारणे आहेत. बसून काम करणाऱ्या सुखवस्तू घरांतही गुडघे दुखतात. पण वय सर्वांचेच वाढते. झीज सर्वांची सारखी होत नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या आरोग्य पाहणीतून १९९१ साली असे दिसून आले की, गुडघे वारंवार वाकवावी लागणारी जड कामे ज्या पुरुषांनी केली त्यांच्यात पुढे हा विकार अधिक आढळला. बीजिंगमधील वृद्धांची याच पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा तेथील स्त्रियांत गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांहून लक्षणीयरीत्या अधिक निघाले. तरुणपणी दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा या झिजेशी संबंध असल्याचे संशोधकांनी २००४ साली नोंदवले.

काही देशांनी यावरून कायद्याचा निष्कर्षही काढला. ब्रिटनने २००९ साली खाणकामगारांच्या गुडघ्याच्या झिजेला व्यावसायिक रोग म्हणून मान्यता दिली आणि २०१२ साली गालिचे व फरशी बसवणाऱ्या कामगारांनाही त्यात सामावून घेतले. जर्मनीनेही २००९ सालीच हा विकार यादीत घातला. तेथील निकष असा की, कामगाराने आयुष्यात किमान १३,००० तास गुडघे टेकून, उकिडवे बसून किंवा तत्सम ताणाखाली काम केलेले असावे आणि प्रत्येक पाळीत असे काम किमान एक तास असावे.

हा निकष महाराष्ट्राच्या शेतमजूर स्त्रीला लावून पाहावा. खुरपणी, भुईमुगाची काढणी, कांद्याची लागवड आणि कापणी ही सारी कामे बसून, सरकत सरकत करावयाची असतात. दिवसाचे पाच तास आणि वर्षाचे दीडशे दिवस एवढाच हिशेब धरला तरी वर्षाला ७५० तास होतात. १३,००० तासांची मर्यादा अठराव्या वर्षी ओलांडली जाते. विसाव्या वर्षी मजुरीला लागलेली बाई चाळिशीच्या आत या रेषेपलीकडे गेलेली असते. घरातील चूल, धुणे, सारवण यांचे तास यात धरलेलेच नाहीत. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर ज्या तरुण स्त्रियांनी दिवसभर बसून खडी फोडली, त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या खडीवरचे रस्ते राज्याच्या संपत्तीत मोजले गेले. ते बांधणाऱ्या गुडघ्यांची नोंद कोठेच झाली नाही.

भारतीय कायद्याची स्थिती काय आहे? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी होती आणि तीच परंपरा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पुढे चालवली. यादीत शिसे, पारा, सिलिका आहे. वाकण्याने, उकिडवे बसण्याने आणि ओझ्याने झालेल्या गुडघ्याच्या झिजेचे नाव त्यात नाही. ओझ्याच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या वजनासाठी ५५ किलोची मर्यादा शिफारशीत सांगितली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालाला कामगार म्हणून ओळख दिली; पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेने त्या ओळखीसाठी झगडा केला. हमालीचा दर, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस यांचा विचार त्यातून पुढे गेला. परंतु डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रकमध्ये चढणारी ऊसतोड कामगार स्त्री या संरक्षणाच्या बाहेरच राहिली.

या दुखण्याबरोबर जगणे म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. गरीब घरात जेवण, स्वयंपाक, निजणे, सारे काही जमिनीवर असते. म्हणजे दिवसातून पंचवीसतीस वेळा गुडघ्यांची परीक्षा होते. एसटीची पायरी चढवत नाही म्हणून बाजार सुटतो, बाजार सुटला की चारचौघांत जाणे सुटते. सर्वांत मोठी अडचण शौचाची. ग्रामीण स्त्रीच्या शौचालयाचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, असे डॉ. राममनोहर लोहिया आग्रहाने मांडत. २०१४ नंतर शौचालये मोठ्या संख्येने बांधली गेली, पण त्यांतील बहुतेकांची बैठक उकिडवी. ज्या वृद्धेचा गुडघा वाकत नाही तिच्या दृष्टीने दाराशी उभे असलेले ते बांधकाम निरुपयोगीच ठरते. मग उठावे लागू नये म्हणून ती पाणी कमी पिते, रात्रीची भाकर टाळते. एक साधी मधोमध भोक असलेली खुर्ची आणि भिंतीत बसवलेला लोखंडी दांडा एवढ्याने हा छळ पुष्कळ कमी होतो. त्यासाठी अनुदानाच्या नियमात चार ओळी वाढवण्यापलीकडे फारसे काही करावे लागणार नाही.

उपचाराकडे वळले की व्यवस्थेतील विसंगती अधिक स्पष्ट होते. वैद्यकशास्त्र आज निःसंदिग्धपणे सांगते की, पहिला उपचार व्यायाम हा आहे. सांधा हा जिवंत आहे. बैलगाडीच्या आखाप्रमाणे तो प्रत्येक फेऱ्याला झिजतो असे नाही. बेताच्या हालचालीने तो निरोगी राहतो. बिघडतो तो अति भाराने, विश्रांतीच्या अभावाने आणि दुबळ्या स्नायूंमुळे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे, झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबणे, सपाट रस्त्याने नियमित चालणे, अशा गोष्टींनी मांडीचे स्नायू बळकट होतात आणि दोनतीन महिन्यांत दुखणे कमी होते. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले म्हणजे सांधा बिघडतो, हा समज चुकीचा आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते पाच किलोंनी घटवले तरी गुडघ्याला फरक जाणवतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे असा व्यायामवर्ग चालवला जातो आणि अन्य देशांनीही त्याचा स्वीकार केला आहे. त्याला ना महागडे यंत्र लागते, ना आयात केलेले औषध.

पण ज्यात विकण्यासारखे काही नाही ते बाजारात पुढे येत नाही. रुग्णापुढे येतात त्या वेदनाशामक गोळ्या. त्या वर्षानुवर्षे घेतल्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब वाढतो; त्याऐवजी गुडघ्यावर चोळावयाचे डायक्लोफेनॅकचे मलम पुष्कळांना पुरते आणि तुलनेने निर्धोक असते. घटकांचे नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. तात्काळ आराम हीच त्यांची जाहिरात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि ‘वंगणा’ची इंजेक्शने ब्रिटनच्या २०२२ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनी नाकारली, तरी त्यांची विक्री चालूच आहे. दुर्बिणीने सांधा धुण्याच्या शस्त्रक्रियेची अमेरिकेत १८० रुग्णांवर चाचणी झाली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींना केवळ वरवरचा छेद दिला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी. झीज अखेरच्या टप्प्याला पोहोचलेल्या आणि अन्य उपायांनी न भागणाऱ्या रुग्णासाठी ती मोठेच वरदान आहे. असे सुमारे ८० टक्के कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. येथे राज्यसंस्थेने हस्तक्षेप केला की काय होऊ शकते, हेही दिसले आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरला जाणारा जो गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता, त्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर आणली गेली. एका आदेशाने किंमत जवळजवळ एकतृतीयांश झाली आणि गुडघे बदलणे काही थांबले नाही. मधली रक्कम कशाची होती, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही देईल.

२०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेतून गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात आणि २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना तिचा लाभ खुला झाला. गुडघा बदलणे तिच्यात बसते. परंतु बाह्यरुग्ण विभागातील उपचार तिच्यात बसत नाहीत. म्हणजे गुडघा वाचवण्यासाठी बारा वेळा फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्या मजूर बाईला प्रत्येक खेपेचे पैसे आणि बुडालेला रोज पदरचा घालावा लागतो. तोच गुडघा पुरता निकामी झाला की सरकार पैसे मोजते. विम्याच्या तत्त्वावर आरोग्यव्यवस्था उभी केली की असे होणे अपरिहार्य आहे, कारण विमा घटनेचे पैसे देतो, काळजीचे नव्हे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यात फिजिओथेरपीचा अंतर्भाव आहे. तो कागदावरून तालुक्याच्या रुग्णालयात उतरवणे हे काम शिल्लक आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, क्षय आणि कुपोषण ज्या देशात हटलेले नाही तेथे गुडघ्यांचे कौतुक कशाला? गुडघ्याने कोणी मरत नाही हे खरे. पण ज्याला हातावर पोट भरावे लागते त्याचा गुडघा गेला म्हणजे मजुरी गेली आणि मजुरी गेली म्हणजे ताटातील भाकर गेली. कुपोषणाच्या अनेक वाटांपैकी ही एक वाट आहे. शिवाय ज्या उपायांची येथे चर्चा आहे ते स्वस्तातले आहेत. महाग आहे ती उपेक्षाच.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मागण्यांच्या यादीत आणला पाहिजे. व्यावसायिक रोगांच्या परिशिष्टात श्रमामुळे झालेल्या गुडघ्याच्या झिजेचा समावेश व्हावा. बाजार समित्यांत आणि साखर कारखान्यांच्या गाडीतळांवर ओझ्याची मर्यादा कागदावर न राहता काट्यावर दिसावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद असावे, ते भरलेले असावे आणि विमा योजनेने त्याच्या सेवेचे पैसे द्यावेत. माथाडी मंडळांनी आणि ऊसतोड कामगारांच्या महामंडळाने पन्नाशीनंतर हलके काम आणि चाळिशीनंतर वार्षिक तपासणी यांची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी लागणारा पैसा गोणीमागे, टनामागे आकारलेल्या उपकरातून आला तर तो खऱ्या अर्थाने घसारा निधी ठरेल.

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर आठवड्यातून दोनदा, तासभर, आठदहा खुर्च्या मांडून फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायामवर्ग चालवता येतो. तेथे जमणाऱ्या बायका आपापल्या कामाचे तास सांगतील आणि कोणी लिहून घेतील. वयाच्या पंधराव्या वर्षापासून कोणी किती वर्षे खुरपले, किती गोण्या वाहिल्या, किती मोळ्या चढवल्या याची ती वही गावोगाव तयार झाली की, परिशिष्टात नाव घालण्यासाठी लागणारा पुरावा सरकारला अन्यत्र शोधावा लागणार नाही.