भट्टी वितळणारच नाही, तर तिच्याखाली हे काय बांधता?

जैतापूरचा अणुप्रकल्प पूर्ण सुरक्षित आहे आणि शंका घेणारे विकासाचे वैरी आहेत, हे तुणतुणे सरकार आणि अणुऊर्जा खाते पंधरा वर्षे वाजवत आले आहे. ही धूळफेक आहे. तिचा पुरावा विरोधकांच्या पत्रकात शोधायला नको, तो खुद्द भट्टीच्या नकाशात आहे. या प्रकल्पासाठी माडबनच्या सड्यावर ज्या सहा फ्रेंच ईपीआर भट्ट्या उभ्या करायच्या आहेत, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या, त्या प्रत्येकीच्या पोटात सुमारे १७० चौरस मीटरची जागा कोरडी आणि रिकामी राखलेली असते. तिला कोअर कॅचर म्हणतात. गाभा वितळून, पोलादी पात्राचा तळ जाळून खाली आला, तर तो झेलण्यासाठी ती आहे. तिचा दुसरा काहीही उपयोग नाही.

वाळूज-चिकलठाण्यात ओतकामाच्या भट्टीवर ज्याने पाळी केली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. भट्टीचे अस्तर फाटलेच तर धातू पडायला खाली खड्डा असतो आणि त्या खड्ड्यात पाण्याचा टिपूस राहू देत नाहीत, कारण वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडले की स्फोट होतो. अणुभट्टीचे दुखणे याहून कितीतरी भयंकर. लोखंड दीड हजार अंशांच्या आसपास ओततात. युरेनियम ऑक्साइड वितळते ते २८०० अंशांच्या पुढे. सांडलेले लोखंड निवते, अणुइंधन भट्टी बंद केल्यावरही तापतच राहते. साडेचार हजार मेगावॅट उष्णतेची भट्टी बंद पडली, की त्या क्षणी तिच्यात सहा-सात टक्के, म्हणजे तीनशे मेगावॅटच्या आसपास उष्णता उरलेली असते. आपल्या परळीचा एक संच अडीचशे मेगावॅट वीज देतो, यावरून अंदाज करा. ही उष्णता वाहून नेणारे पाणी थांबले की इंधन, नळ्या, पोलाद एकजीव होऊन तळाला बसतात. ईपीआरमध्ये तो रस आधी मुद्दाम जळण्यासाठीच घातलेल्या काँक्रीटवर साचतो, मग खालचे दार वितळवून उताराच्या वाटेने त्या कोरड्या जागेवर पसरतो. पसरल्यावर त्याचा थर पातळ होतो, आणि तेव्हाच टाकीतले पाणी पंपाविना, आपल्या वजनाने, आधी खालून आणि मग वरून त्याला वेढते. विद्या उत्तम आहे. ज्या अभियंत्यांनी अपघात गृहीत धरून ही सोय केली त्यांना आमचा नमस्कार. ज्यांनी ती सोय कशासाठी आहे हे जनतेला सांगितले नाही, त्यांना जाब विचारायचा आहे.

ही लपवाछपवी जुनी आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्यांच्या इमारती एकामागून एक उडत होत्या. त्याच दिवसांत आपल्या अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकुमार बॅनर्जी देशाला सांगत होते की ही निव्वळ रासायनिक प्रक्रिया आहे, अणु-आणीबाणी नव्हे! पहिल्या भट्टीचा गाभा तोवर वितळून गेला होता. तिथे तीन भट्ट्या वितळल्या आणि झेलायला खाली काहीही नव्हते. तो राडा अंदाजे ८८० टनांचा. त्यातला पहिला नमुना बाहेर निघायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, आणि त्याचे वजन एक ग्रॅमही भरले नाही. इकडे आपल्या सरकारने त्या अपघातापासून काय धडा घेतला? १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्यात जैतापूरविरोधी आंदोलकांवर गोळ्या घातल्या आणि एक तरुण मारला.

आता पालघर जिल्ह्यातले तारापूर पाहा. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या. फुकुशिमाच्याच घराण्यातल्या आणि वयाने तिच्याहून थोरल्या. त्या लहान आहेत, प्रत्येकी १६० मेगावॅटच्या, हे मान्य. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या बसवल्या, हेही मान्य. पण त्यांच्याखाली कोअर कॅचर नाही. आणि २०२० मध्ये बंद झाल्यावर त्या मोडीत काढण्याऐवजी दुरुस्त करून त्यांचे आयुष्य वाढवायचे ठरले! तमिळनाडूत कूडनकुळमच्या रशियन भट्ट्यांखाली गाभा झेलणारे भांडे बसवले आहे. मग पालघरच्या आदिवासी पाड्यांनी आणि कोळीवाड्यांनी काय घोडे मारले आहे? तारापूरच्या पात्राचा तळ फुटला तर तो रस कुठे जाईल, किती वेळात आणि कशाने थांबेल, याचा हिशेब लोकांसमोर मांडा.

हा हिशेब मागायचा कोणाकडे? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ चे. ज्या आयोगावर नजर ठेवायची, त्याच आयोगाला ते उत्तरदायी होते. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले. स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक २०११ मध्ये आले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळले. मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२५ मध्ये, आणि तोही खासगी कंपन्यांना अणुऊर्जेचे दार उघडणाऱ्या कायद्यातून. बेचाळीस वर्षे पहारेकऱ्याचे हात बांधून ठेवले आणि सोडले ते नेमके धंदेवाले दारात आल्यावर.

समुद्र शेकडो किलोमीटर दूर, संभाजीनगरला याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी एप्रिल २०२५ आठवावा. परळी चालवणाऱ्या महानिर्मितीने तेव्हा थोरियमच्या छोट्या अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसॅटमशी सामंजस्य करार केला. ही तुमच्या-आमच्या पैशांची कंपनी आहे. म्हणून मराठवाड्याच्या आमदारांनी विधिमंडळात उभे राहून विचारलेच पाहिजे: त्या भट्टीखाली काय असेल? गाभा वितळला तर पहिल्या तासात, पहिल्या दिवसात काय होईल? कोणती गावे, कोणत्या रस्त्याने, कोणाच्या गाड्यांतून हलवणार? उत्तरे मराठीत छापा. माडबन, साखरी नाटे आणि तारापूरच्या ग्रामसभांत ती वाचून दाखवा, लोकांच्या प्रश्नांना तोंड द्या. तोवर माडबनच्या सड्यावर एक कुदळही पडता कामा नये.