खोकला गेला, पण जंतू झोपलाय!

शिक्षकमित्रांनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणी सुरू झाली की वर्गातली हजेरी कमी होते. अशाच एका हंगामात माझ्या वर्गातल्या मुलाच्या वडिलांनी क्षयरोगाच्या गोळ्या दोन महिन्यांतच सोडल्या. विचारलं तर म्हणाले, "खोकला त गेला नं सर, आता कायले गोळ्या?" "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून," एवढंच मला सुचलं. खरं उत्तर पुढे वाचनात सापडलं.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. १९९८ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा वाचला गेला. त्यात कायनेज नावाची अनेक विकरे दिसली. कायनेज म्हणजे बटण दाबणारं बोट. ते एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा छोटा गट चिकटवतं आणि त्या प्रथिनाचं काम सुरू किंवा बंद होतं. आपल्या संरक्षक पेशी जंतूला गिळतात, पण 'पीकेएनजी' हे कायनेज त्याला आत पचू देत नाही. पुढे प्राणवायू कमी पडला की 'डॉसएस' आणि 'डॉसटी' ही दुसरी दोन कायनेजेस ते ओळखतात आणि फॉस्फेट 'डॉसआर' या प्रथिनाला देतात. मग सुमारे ५० जनुके कामाला लागतात आणि जंतू वाढ थांबवून सुस्त पडून राहतो. वाढणारे जंतू औषधाने लवकर मरतात. सुस्तावलेले मात्र चिवट असतात.

म्हणून पहिले दोन महिने चार औषधं आणि नंतर चार महिने तीन औषधं. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, औषधांना दाद न देणारा जंतूही तयार होऊ शकतो.

आपण मुलांना 'तोंडावर रुमाल धरा' शिकवतो. माझं म्हणणं एवढंच, की 'जंतू झोपतो' हेही शिकवू या. पाचवीचं लेकरू हे सहज समजतं आणि घरी जाऊन सांगतं. मजुरी बुडते हे खरंच आहे. त्यासाठी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, हेही पालकांना सांगावं.

यंदा २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, परिपाठात फक्त दहा मिनिटं द्या. पुढच्या वेळी "कायले गोळ्या?" असं कोणी विचारलं, तर उत्तर आपल्या विद्यार्थ्यानेच द्यावं.