ड्रायव्हर आहे, पण गाडी हलत नाही

बँकेच्या काउंटरवर दोऱ्याने बांधलेल्या पेनाखालोखाल जर कोणती वस्तू अजरामर असेल, तर ती म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे' ही पाटी. आमच्या शाखेतली पाटी पुठ्ठ्याची आहे. तिला भोक पाडून सुतळी ओवलेली आहे आणि सुतळी झिजल्यावर आमच्या शिपायाने ती दोनदा बदललेली आहे. एवढी निगा शाखेतल्या दुसऱ्या कोणत्याही मालमत्तेची राखली जात नाही. या पाटीविरुद्ध माझी तक्रार आहे. ती खोटं बोलते, आणि बँकेच्या नावाने बोलते.

अहो, सर्व्हर कशाला डाऊन होतोय! तो कुठल्याशा शहरात वातानुकूलित खोलीत नवरदेवासारखा बसलेला असतो. त्याला काही झालंच तर दुसऱ्या शहरात त्याचा धाकटा भाऊ बाशिंग बांधून तयार असतो. पडतं ते आमच्या टेबलाखालचं, खोक्याच्या पोटातलं, तळहातात मावेल एवढं एक कार्ड. त्याला नेटवर्क कार्ड म्हणतात. बाजारात साधं कार्ड काही शे रुपयांना मिळतं. पण 'काही शे रुपयांची वस्तू बिघडल्यामुळे बँक बंद आहे' असं पुठ्ठ्यावर लिहिलं तर बँकेची अब्रू जाते. 'सर्व्हर डाऊन' लिहिलं की ग्राहकाला वाटतं, काहीतरी आभाळातलं झालंय, इलाज नाही.

आमची शाखा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. यंत्रं तीन. एक मॅनेजरसाहेबांचं, एक कर्जखात्याचं आणि एक कॅशचं. रोख देण्याची परवानगी फक्त तिसऱ्याला. गेल्या जुलैत, आवणीच्या दिवसांत, नेमकं तेच बसलं. रात्रभर पावसाने वीज येत-जात होती. (खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. आमच्या शाखेतले दिवे मात्र पहिल्या सरीला डोळे मिचकावतात. असो.) सकाळी यंत्र लावलं, तर पडद्यावर मजकूर: 'हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड १०.' बस्स, एवढंच! डॉक्टरने नाडी धरून, जीभ बघून, चिठ्ठीवर 'हा मनुष्य आजारी आहे' असं लिहून द्यावं आणि फी घ्यावी, तसला हा प्रकार.

मी हेल्पडेस्कला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक बाई बोलल्या, "सर, तुमचा नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर इनिशिअलाईज होत नाहीये."

हे वाक्य मी मोठ्याने म्हणून बघितलं, ती चूकभूल बाईंची. कारण समोर बाकावर वीसेक माणसं बसली होती. त्यातली एक ठाकरवाडीवरची आजी उठून काउंटरशी आली. निराधार योजनेचे दीड हजार काढायला ती भल्या पहाटे निघाली होती. अर्धी वाट चालत, अर्धी रिक्षाने. म्हणाली, "सायबा, डायव्हर आला नाय का अजून?"

"आलाय आजी, पण चालू होत नाही."

"मंग दुसरा द्या की. यष्टीचा नाय आला तर दुसरा देतात."

बाक हसला. पण नीट बघाल तर त्या दिवशी शाखेत बोलल्या गेलेल्या सगळ्या वाक्यांत शहाणपणाचं वाक्य हे एकच होतं.

आता हा ड्रायव्हर म्हणजे काय, ते मी कॉमर्सचा पदवीधर असूनही सांगू शकतो, कारण त्या दिवशी मला दुसरं काही कामच नव्हतं. कार्ड ही वस्तू मुकी. संगणकाची मुख्य प्रणाली मोठ्या साहेबासारखी. ती प्रत्येक वस्तूची बोलीभाषा शिकत बसत नाही. दोघांमध्ये जो दुभाष्या लागतो, त्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. सकाळी यंत्र सुरू झालं की हा ड्रायव्हर आमच्या हेडक्लार्कसारखा मस्टर घेऊन निघतो. कार्ड जागेवर आहे का ते बघतो, त्याला मेमरीतली जागा नेमून देतो, 'उठ, अंग झटक' असा हुकूम सोडतो आणि त्याच्यावर कोरलेला पत्ता वाचून घेतो. हा पत्ता बारा अक्षर-अंकांचा असतो. पहिले सहा कारखान्याचे, पुढले सहा त्या कार्डाचे. आपल्या आयएफएससी कोडाचंच भावंड म्हणा ना! तिथे अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, मग एक शून्य, पुढली सहा शाखेची. पत्ता मिळाला की हजेरी लागली, म्हणजेच इनिशिअलाईज झालं. पण 'उठ' म्हटल्यावर कार्डाने ओ दिलीच नाही, तर ड्रायव्हर थोडा वेळ वाट बघतो आणि मस्टर मिटून निघून जातो. तो त्याचा कोड १०.

कर्जतकरांना हे वेगळं समजवायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. या ढकलणाऱ्या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. (आमच्या धंद्याचा एवढा गौरव दुसऱ्या कोणत्याही खात्याने केलेला माझ्या पाहण्यात नाही.) आता पुढच्या ड्रायव्हरने इशारा दिला आणि मागच्या बँकरकडून उत्तर आलं नाही, तर गाडी हलेल का? नाही. पण तिथे कोणी 'मुंबई डाऊन आहे' अशी पाटी लावत नाही. माणूस मागे जाऊन बघतो.

आमच्याकडे मागे जाऊन बघायला मनाई आहे, आणि माझं भांडण आहे ते इथे. हेल्पडेस्कच्या बाई म्हणाल्या, "ड्रायव्हर पुन्हा डाउनलोड करून घ्या."

"कुठून?"

"साइटवरून, सर."

"अहो, त्याला नेटवर्क लागतं."

"हो, लागतं ना." हे इतक्या मायेने म्हणाल्या की मला पुढे वाद घालवेना. मग त्यांनी पोर्टलवर जाऊन तक्रारीचं तिकीट काढायला सांगितलं. पोर्टल कुठे? नेटवर्कवर. म्हणजे विहिरीत पडलेल्याने काठावर येऊन, मी विहिरीत पडलोय असा अर्ज भरायचा! शेवटी मॅनेजरसाहेबांच्या यंत्रावरून तिकीट निघालं. "रीस्टार्ट केलंत का?" केलं, चार वेळा. "केबल नीट आहे?" आहे. "मागे हात लावू नका हं, करार दुसऱ्या कंपनीकडे आहे. इंजिनिअर कल्याणहून येतील."

वास्तविक रहस्य खोक्याच्या पाठीवर जळत होतं. केबल जिथे खोचतात तिथे एक हिरवा दिवा असतो. तो लागला, म्हणजे केबल आणि पलीकडचं टोक शाबूत. इकडे पाटी म्हणते बाहेर काहीतरी कोसळलंय आणि हा दिवा म्हणतोय सगळं ठीक आहे! त्याहून गंमत, यंत्र बंद केलं तरी तो जळतच होता. म्हणजे कार्डाला वीज मिळतच होती. संगणक नुसता बंद केला तरी प्लग जागेवर असेतो थोडी वीज आत झिरपत राहते, त्यामुळे रात्रीच्या झटक्याने भंजाळलेलं कार्ड चारही वेळा भंजाळलेलंच राहिलं. आपण समजत होतो ते झोपून उठलं. त्याचा डोळा लागलाच नव्हता.

इंजिनिअर दीड वाजता उगवला. पंचविशीतला, मनमिळाऊ मुलगा. त्याने प्लग भिंतीतून उपटला, बंद यंत्राचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, मिनिटभर माझ्याशी पावसावर बोलला, प्लग परत खोचला. हिरवा दिवा विझून पुन्हा लागला आणि ड्रायव्हरची हजेरी लागली. सगळा खेळ दोन मिनिटांचा. त्यासाठी वीस माणसं साडेतीन तास बाकावर. आवणीच्या दिवसात त्यातल्या प्रत्येकाची मजुरी बुडाली, ती कोणत्या खात्यात नावे टाकायची हे आमच्या पुस्तकात नाही.

आता कोणी म्हणेल, कर्मचाऱ्यांनी यंत्रं उघडली तर गोंधळ होईल. होईल. बँकेत पेनड्राइव्ह चालत नाही, हेही मला मान्य आहे. चोर तिथूनच शिरतो. पण प्लग काढणं म्हणजे यंत्र उघडणं नव्हे. इस्त्रीचा प्लग आम्ही घरी परवानगीशिवाय काढतो. ड्रायव्हरची एक प्रत यंत्राच्याच डिस्कवर ठेवून द्यायला कोणता चोर आड येतो? आणि एक जादा कार्ड तिजोरीशेजारच्या कपाटात राहिलं, तर ताळेबंद कोसळेल काय? त्याच कपाटात १९९८ सालच्या दैनंदिन्या आहेत, त्यांना कोणी हलवत नाही.

निवृत्त झालेले जुने सहकारी सांगतात, डॉ. रंगराजन यांच्या समितीचा यांत्रिकीकरणाचा अहवाल १९८४ साली आला, तेव्हा युनियनमध्ये केवढी खडाजंगी! यंत्र आलं तर माणूस जाईल, ही धास्ती. त्या सगळ्या कहाण्या मी चहासोबत ऐकल्या आहेत. त्यांत यंत्र अडलं तर त्याला हात कोणी लावायचा, यावर भांडण झाल्याची एकही कहाणी नाही. त्या मुद्द्यावर आम्ही सर्वांनी, साहेबांनी आणि युनियनने, एकमताने हात वर केले.

मी मॅनेजरसाहेबांना नव्या पाटीचा मसुदा दिलाय: 'कॅशच्या यंत्राचे कार्ड जागे होत नाही. माणूस कल्याणहून निघाला आहे. दुपारी येईल. लांबून आलेल्यांनी नाव सांगावे, त्यांचे आधी होईल.' साहेब म्हणाले, एवढं खरं लिहायला वरून मंजुरी लागेल. मंजुरीसाठी पत्र गेलं आहे.

तिकिटाचं काय झालं ते राहिलं. चौथ्या दिवशी मेल आला: 'आपल्या यंत्राशी नेटवर्कवरून संपर्क होऊ न शकल्याने तक्रार निकालात काढण्यात येत आहे. सेवेबद्दल पाचपैकी गुण द्यावेत.'