शिवीला मुभा, प्रश्नाला बंदी

आपल्या समाजात लैंगिक विषयावर कोणी बोलत नाही, असे नेहमी म्हटले जाते. माझ्या मते हे खरे नाही. टेमघरच्या नाक्यावर किंवा भिवंडीतल्या कोणत्याही यंत्रमाग कारखान्याबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. दोन जिवलग मित्रांच्या भेटीतसुद्धा प्रथम एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार होतो, मग चहा येतो. शिमग्याला बोंब मारणे हा तर वर्षाचा हक्कच. आमच्या भागात हळदीच्या रात्री ज्या गाण्यांवर आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच मांडवात नाचतात, त्यांतल्या एखाद्या ओळीचा अर्थ दुसऱ्या दिवशी घरात कोणी विचारून पाहावा! तेव्हा बोलणे बंद आहे असे नाही. सरळ बोलणे बंद आहे. शिवी चालते, चावट विनोद चालतो, सूचक गाणे चालते. प्रश्न तेवढा चालत नाही.

याचा परिणाम आपल्या भाषेवरही झाला आहे. शरीराच्या काही अवयवांना आपल्याकडे दोनच तऱ्हेचे शब्द आहेत. एक शास्त्राच्या पुस्तकातला संस्कृत शब्द, तो पाठ करून परीक्षेत लिहायचा. दुसरा शिवीतला, तो चारचौघांत उच्चारायचा नाही. आईने मुलीशी बोलताना वापरावा असा मधला शब्द आपण रुळूच दिला नाही. म्हणून पाळी आली की 'कावळा शिवतो' किंवा मुलगी 'बाहेरची' होते. माझ्या आईने शाळा पाहिलेली नाही. तिला तिच्या आईने जेवढे सांगितले तेवढेच तिने मला सांगितले : देवाला शिवू नको, लोणच्याला हात लावू नको. तिला मी दोष देत नाही. शब्दच हाती नसतील तर माणूस सांगणार तरी काय?

कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? आमच्या आयाबायांचे संसार झालेच ना! झाले, पण कोणत्या किमतीवर, हे त्यांना कोणी विचारले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेली होती. म्हणजे ज्या वयात मुलीच्या कानांवर हा विषय पडू नये अशी काळजी घ्यायची, त्याच वयात काही न सांगता तिला संसारात ढकलायचे. याहून मोठी विसंगती कोणती?

त्याहून गंभीर गोष्ट लहान मुलांची. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ साली 'पोक्सो' कायदा झाला. कायदा कडक आहे. परंतु त्याची पहिली पायरी म्हणजे मुलाने तोंड उघडून काय घडले ते सांगणे. ज्या मुलाला अवयवाचे नाव घेतले म्हणून आपण चापट मारली, ते मूल पुढे कोणत्या शब्दांत सांगेल? आणि सांगितले तरी 'गप्प बस, घराण्याची अब्रू जाईल' हे उत्तर ठरलेले.

यावर एक हमखास आक्षेप येतो, की हे सर्व पाश्चात्त्यांचे खूळ आहे. वास्तविक पाहता आपल्या परंपरेने चार पुरुषार्थांत कामाला स्थान दिले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' याच भूमीतली, महाराष्ट्री प्राकृतातली. त्या गाथांत खेड्यातल्या स्त्रिया आपली ओढ, रुसवा, विरह संकोच न करता बोलून दाखवतात. मग परके काय आहे? हा विषय की त्याची लाज?

आणि ज्याने हा विषय साध्या मराठीत मांडला, त्याचे आपण काय केले तेही पाहण्यासारखे आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ साली ती नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते पदरमोड करून चालविले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. गुन्हा कोणता? वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली, तरीही दंड झालाच. त्या काळीही शिमगा होता, शिव्या होत्या, लावण्या होत्या. त्यांचे कोणाला वावडे नव्हते. खटला झाला तो उत्तरावर.

तो काळ जुना होता म्हणावे, तर २००७ साली शाळांतील पौगंडावस्थेच्या शिक्षणावर आपल्याच विधिमंडळात आक्षेप घेतले गेले आणि तो कार्यक्रम बाजूला ठेवण्यात आला. पुस्तक बंद झाले म्हणून कुतूहल थोडेच बंद होते? आज प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल ते शिक्षण देतो आहे. तो काय शिकवतो आणि त्यातून मुले मुलींकडे कोणत्या नजरेने पाहू लागतात, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

या सगळ्याचा भार मुलींवरच अधिक पडतो. आमच्याकडे एखादी मुलगी एखाद्या मुलाशी वह्यांची देवघेव करताना दिसली, की तिचे कॉलेज बंद होण्याची भाषा सुरू होते. मुलाचे काहीच बंद होत नाही. नाक्यावर शिव्या देणारा 'मोकळ्या मनाचा', आणि शंका विचारणारी 'वाया गेलेली'! घरातून कॉलेजात पहिल्यांदाच आलेल्या मुलीला हे भय रोज बरोबर घेऊन वर्गात बसावे लागते.

हळदीची गाणी बंद करा असे मी म्हणत नाही. वडीलधाऱ्या बायका त्या थट्टेतूनच नवरीला काही सुचवीत असाव्यात. त्यांना तेवढीच वाट मोकळी होती. आपल्याला मात्र दुसरी वाट काढता येईल. माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयात एक बंद पेटी ठेवावी. नाव न लिहिता ज्याला जो प्रश्न पडला असेल तो त्याने त्यात टाकावा, आणि जाणकार डॉक्टरांना बोलावून सभागृहात त्या प्रश्नांची मराठीत उत्तरे द्यावीत. मुलींना वर्गात कोंडून आणि मुलांना मैदानावर पिटाळून नव्हे. दोघांना एकत्र बसवून. पहिल्या दिवशी हशा पिकेल, मागच्या बाकांवरून शेरेही येतील. येऊ देत. प्राध्यापकवर्गाने तेवढे सोसावे, अशी विनंती आहे.

कर्व्यांना उत्तरे दिल्याबद्दल दंड झाला. आपल्याला आज कोणी दंड करणार नाही. मग आपण कशाला भितो?

— द्वितीय वर्ष, कला