हायब्रीड टेंपो आणि घरचा हिशेब



मागच्या महिन्यात उत्तन-डोंगरीकडे भाजीचे वाफे पाहायला गेलो होतो. पालकावरची अळी दाखवून झाल्यावर एका बाईंनी चहा पुढे केला आणि विचारले, "साहेब, पोरगा हायब्रीड टेंपो घेऊ म्हणतो. ज्वारी हायब्रीड असते ते ऐकलंय, गाडीत कसला संकर करतात?" प्रश्न गमतीचा वाटला, पण बाईंच्या मनात हातातल्या पाटल्या मोडायच्या की नाही, हे घोळत होते. म्हणून या वेळी खतपाणी बाजूला ठेवून गाडीबद्दल लिहितो.

आधी ज्वारीचे. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि पुढे 'हायब्रीड' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. कणसे भरघोस, पण बियाणे दरसाल विकतचे आणि खतापाण्यात हयगय चालत नाही. गाडीचेही काहीसे तसेच आहे. हायब्रीड गाडीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ही मोटर विजेच्या रूपाने बॅटरीत साठवते आणि पुन्हा निघताना तीच वापरते. त्यामुळे वारंवार थांबावे लागते तिथे इंधन वाचते. काशीमिऱ्याहून दहिसरकडे सकाळी माल नेणाऱ्यांना थांबणे म्हणजे काय ते मी सांगायला नको. मोकळ्या रस्त्यावर हा फायदा बराच कमी होतो.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०२१ मध्ये मॅव्हरिक नावाचा हायब्रीड पिकअप आणला. आपल्याकडे २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा अशा हायब्रीड मोटारी आल्या, पण त्या माणसे नेणाऱ्या. त्यांत जाळ्या आणि मासळीचे टब कोण भरणार? म्हणून मी मुलाकडे कागद मागितला. पाहतो तर गाडी पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन इंधनांवर चालणारी! तिला हायब्रीड म्हणत नाहीत. तिच्यात मोटर नाही, ब्रेकची वीज नाही. गॅस संपला की पेट्रोलवर घ्यायची, एवढेच. विक्रेत्याच्या तोंडचा शब्द आणि कागदावरचा शब्द एक आहे का, हे सही करण्याआधी पाहावे.

तरीही ही गाडी वाईट नाही. डोंगरीहून भाईंदरमार्गे बोरिवलीला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरा. वर्षात ३०० फेऱ्या म्हणजे १५,००० किलोमीटर. डिझेल ९० रुपये लिटर आणि लिटरला १४ किलोमीटर धरले, तर वर्षाला सुमारे ९६,४०० रुपये. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला १८ किलोमीटर धरले, तर सुमारे ६६,७०० रुपये. तीस हजारांच्या आसपास वाचतात. हे आकडे समजण्यापुरते. तुमच्या पंपाचा दर आणि तुमच्या गाडीची धाव घालून पुन्हा मांडा.

पण फेऱ्या ३०० नसून १०० असतील, तर बचत दहा हजारांवर येते. हप्ता मात्र फेऱ्या मोजत नाही. सहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. महिन्याला साधारण १२,७५० रुपये. विमा, टायर, दुरुस्ती वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा दिलासा आहे.

गॅसच्या काही गोष्टी कागदावर ठळक नसतात. टाकीचे वजन मालाच्या वजनातून जाते. चढावर इंजिनाचा जोर थोडा कमी पडतो. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. जुनी गाडी घेताना तिची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पंपावरची रांग! पालेभाजी रांगेत उभी राहिली की दुपारी निम्म्या भावाची होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफच्या आवारातील गॅसवाहिनीला इजा झाली, तेव्हा मुंबई-ठाण्यातले कितीतरी पंप बंद पडले. अशा दिवशी पेट्रोलची टाकी उपयोगी पडते, म्हणून ती कधी कोरडी ठेवू नये.

उत्तनच्या मंडळींना आणखी एक सांगणे आहे. खारी हवा आणि मासळीचे बर्फाचे पाणी पत्रा खाऊन टाकते. हौद्यात रबरी चटई घाला, पाणी निघायची भोके मोकळी ठेवा आणि फेरीनंतर गोड्या पाण्याने तळापर्यंत धुवा. मी पाहिलेल्या एका टेंपोचा हौदा हप्ते फिटण्याआधी चाळण झाला होता.

शेवटी बाईंच्या घरची वही उघडली. पावसाळ्यात भात असल्यामुळे भाजीच्या फेऱ्या निघाल्या १४०. नुसता हप्ताच फेरीला ११०० रुपयांच्या घरात गेला. मुलगा गप्प झाला. मग तोच म्हणाला, "शेजारच्या दोन घरांचा माल बरोबर घेतला तर?" तिघांत वाटले तर प्रत्येकाला ३६५ रुपयांच्या आसपास येतात. शेजारी रोजचा माल देतील का, पैसे वेळेवर देतील का, हे विचारायला तो त्याच संध्याकाळी गेला. उत्तर यायचे आहे. पाटल्या तूर्त बाईंच्या हातातच आहेत.