कुलपाचं कागदावर आलंच नाही

सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आमच्या ऑफिसच्या दारात एखादी बाई येऊन उभी राहते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत समन्सचा चुरगळलेला कागद, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. बरोबर म्हातारे वडील, नाहीतर भाऊ. 'सरकारी वकील इथंच का?' असं ती विचारते ते सगळ्यात जवळच्या टेबलाला, म्हणजे मला. मी म्हणते, 'इथंच. या, बसा.' मग पुढचा प्रश्न हमखास ठरलेला. 'ताई, आज आत काय सांगायचं?'

या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. देऊही नये. पाणी कुठे आहे, बाथरूम कुठे आहे, कोर्ट कितव्या मजल्यावर आणि पुकारा झाला की कुठून आत जायचं, एवढंच मी सांगते. आणि 'जे घडलं ते सांगा, घाबरू नका' हे वाक्य. ते इतक्या वेळा बोलून झालंय की आता माझं मलाच पोकळ वाटतं.

मी वकील नाही, हे आधी सांगून टाकते. (माझ्या सासूबाई शेवटपर्यंत गल्लीत 'आमची सून कोर्टात वकील आहे' म्हणून सांगायच्या. मीही कधी दुरुस्त केलं नाही.) मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी सरकारी अभियोक्ता कार्यालयात मी लिपिक-टंकलेखक आहे. १९९९ साली लागले तेव्हा मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचं सर्टिफिकेट होतं, टेबलावर टाइपरायटर होता आणि कार्बन घालून चार प्रती निघायच्या. चौथी प्रत वाचायला देवाचंच नाव घ्यावं लागे. आता संगणक आहे, पण काम तेच. पोलीस ठाण्यांतून आलेली दोषारोपपत्रं रजिस्टरला चढवायची. कोर्टात जाण्याआधी छाननी करून मॅडम ज्या त्रुटी काढतात त्या टाइप करायच्या. जामिनाच्या अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं द्यावं लागतं, कोर्टात सगळे त्याला 'से' म्हणतात, ते तयार करायचं. दुसऱ्या दिवशीचा बोर्ड लावायचा. खालच्या कोर्टात चालणाऱ्या फौजदारी केसेस आमच्याकडे, त्यामुळे नवऱ्याच्या छळाची प्रकरणं रोजची.

म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षं मी बायकांचे जबाब वाचतेय. खरं सांगू? पाठ झालेत. 'लग्नानंतर सुरुवातीचे सहा महिने मला चांगले नांदविले. त्यानंतर माझे पती, सासू, सासरे व नणंद यांनी संगनमत करून, तू दिसायला चांगली नाहीस, तुला स्वयंपाक येत नाही, माहेरहून पन्नास हजार रुपये घेऊन ये, असे म्हणून मला शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून माझा शारीरिक व मानसिक छळ केला.' गाव बदलतं, रक्कम बदलते, कधी पैसे मोटारसायकलला असतात तर कधी बोअरला. बाकी मजकूर जसाच्या तसा. ते सहा महिनेसुद्धा. मैत्रिणींनो, या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या नवऱ्यांचं डोकं बरोबर सातव्या महिन्यातच कसं फिरतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

हे असं का होतं तेही सांगते. १९८३ साली ४९८-अ कलम आलं आणि त्यात क्रूरतेची व्याख्या आली. शारीरिक, मानसिक, पैशांची मागणी. लिहून घेणाऱ्या हवालदाराला कलमात बसेल असा मजकूर हवा असतो. त्याच्यावर बंदोबस्त असतो, दोन अपघात असतात, रात्रपाळी झालेली असते. तो बाईचं अर्ध ऐकतो आणि उरलेलं मागच्या केसवरून घेतो. पूर्वी निदान हाताने लिहावं लागे, आता कॉपी-पेस्ट आहे. तो दुष्ट असतो असं नाही. कित्येकदा त्याला खरंच वाटतं की आपण बाईची केस पक्की करतोय.

आता मला ज्या बाईबद्दल लिहायचंय ती. साल २०११. तिच्या केसमध्ये वरचाच मजकूर होता. त्या दिवशी मी एक फाइल द्यायला कोर्टात गेले आणि तिची साक्ष चालू होती म्हणून मागे उभी राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं, काय त्रास होता? तिने लाथाबुक्क्यांचं नावच घेतलं नाही. ती म्हणाली, पहिली मुलगी झाली तेव्हापासून सासूने पिठाच्या डब्याला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. नवरा घरी असला तरच डबा उघडायचा, आणि तो तर आठ आठ दिवस उसाच्या गाडीवर. ओली बाळंतीण मी, दूध आटलं, शेजारणीकडून भाकरी मागून आणायची आणि मोरीत बसून खायची. हे सगळं ती इतक्या थंडपणे सांगत होती की स्टेनोसुद्धा दोन क्षण थांबला.

मग आरोपीचे वकील उठले. त्यांनी एकच मुद्दा धरला. फिर्यादीत पिठाच्या डब्याचा उल्लेख आहे का? कुलपाचा आहे का? शेजारणीचा आहे का? नव्हताच. यात त्यांची काही चूक नाही, तेच त्यांचं काम. आधी पोलिसांना सांगितलेलं आणि आता कोर्टात सांगितलेलं ताडून बघायचा आरोपीला हक्क आहे, आणि महत्त्वाची गोष्ट आधी आलेली नसेल तर ती मागाहून रचली असं म्हणायला जागा राहते. वकील मंडळी याला 'ओमिशन' म्हणतात. मारहाणीचं विचारलं तर ती म्हणाली, 'हात कधी एकदोनदा उचलला असंल.' म्हणजे कागदावर होतं ते तिने सांगितलं नाही, आणि तिने सांगितलं ते कागदावर नव्हतं.

शेवटी वकिलांनी विचारलं, हा मजकूर तुमच्या फिर्यादीत का नाही? ती म्हणाली, 'साहेब, ते लिहिणाराला इचारा की.' मागे काही लोक हसले. पुढे साक्षीची नक्कल माझ्या टेबलावर आली. त्यात होतं, 'सदर मजकूर माझ्या फिर्यादीत का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.' तेही वाक्य ठरलेलंच, शेकडो साक्षींमध्ये असतं. तिने कारण सांगितलं होतं हो. अगदी अचूक सांगितलं होतं.

आरोपी सुटले. निकालाच्या दिवशी ती ऑफिसात आली, रडली-भेकली नाही. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, 'बाई, म्या त पहिल्याच दिशी कुलपाचं सांगितलं व्हतं. मंग ते कागदावर का न्हाई?'

मला काही बोलता आलं नाही. कारण माझ्या संगणकातही तेव्हा 'बेल से' नावाची एक फाइल होती. 'आरोपीस जामीन दिल्यास तो साक्षीदारांवर दबाव आणील, फरार होण्याची शक्यता आहे, गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे.' नाव आणि गुन्हा क्रमांक बदलायचा, प्रिंट मारायची. एकदा घाईत आधीच्याच आरोपीचं नाव राहिलं आणि तसाच 'से' दाखल झाला. भर कोर्टात साहेबांना ऐकून घ्यावं लागलं, मग मला. म्हणजे हवालदाराला बोल लावण्याचा अधिकार मला तरी कुठला?

या कायद्याचा गैरवापर होतो, बायका खोट्या केसेस करतात, हे आपण सगळ्याच ऐकतो. होतात काही. माझ्याही टेबलावरून गेल्यात. पण माझं म्हणणं ऐका. साचा एकच असला की खरी बाई आणि खोटी बाई कागदावर अगदी सारख्या दिसतात. खोटीला त्याचा फायदाच होतो, तिला तयार मजकूर आयता मिळतो. मरते ती खरी. पिठाच्या डब्याचं कुलूप कुणी बसून रचत नाही, शेजारची बाई बोलावून ते पडताळता येतं. लाथाबुक्के सगळ्यांचे सारखेच. म्हणून मला वाटतं, कलमात बसवण्याच्या नादात आपण बाईच्या केसमधला सगळ्यात भक्कम पुरावाच गाळून टाकतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. ४९८-अ चं भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्या कलमाखाली आणि नंतरचे नव्या, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही आकडे चालतात आणि माझी बोटं अजून सवयीने ४९८ कडे जातात. आकडा बदलला, सहा महिने चांगले नांदविले ते मात्र तसंच आहे.

खरं तर अडवायची जागा आमच्याच ऑफिसात आहे. छाननीत मॅडम त्रुटी काढतात. पंचाची सही नाही, दाखला जोडलेला नाही, लग्नपत्रिका नाही. मी गेली कित्येक वर्षं या याद्या टाइप करतेय. त्यात 'फिर्यादीत नेमका प्रसंग एकही नाही, पुरवणी जबाब घ्यावा' अशी ओळ बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आली असेल. पुरवणी जबाब घेणं नियमातच आहे, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. लागतो तो अर्धा तास. आणि एका सरकारी वकिलाच्या हातात किती फाइली असतात ते मी पाहते, तरीही म्हणेन की हा अर्धा तास काढायला हवा. मागे मी एकदा चाचरत हे बोलून दाखवलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, 'बाई, तुम्ही टाइप करा.' आताच्या मॅडम ऐकून घेतात. दोनतीनदा त्यांनी ती ओळ घातलीसुद्धा.

साक्षीच्या दिवशी मात्र फार उशीर झालेला असतो. काही पोलीस कोर्टाच्या आवारात बाईला जुना जबाब वाचून दाखवतात, आणि उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो, 'आज साक्षीच्या आधी पोलिसांनी तुम्हाला जबाब वाचून दाखवला, हे खरे आहे का?' बिचारी हो म्हणाली तरी फसते, नाही म्हणाली तरी फसते. म्हणून जे करायचं ते पहिल्या दिवशी, ठाण्यात. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असा कायदा आहे. वाचून दाखवतात तेव्हा आपण काय करतो? मान हलवतो. साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल. बाहेर भाऊ खोळंबलाय, शेवटची एसटी चुकेल, मूल रडतंय. तिथे थांबायला हवं. 'हे मी बोलले नाही, काढा. हे मी बोलले होते, घाला.' फिर्यादीची एक प्रत फुकट मिळते, ती घरी आणून शांतपणे वाचा, राहिलं असेल तर पुरवणी जबाबाला जा. आणि नंतर तपासात पोलीस जे जबाब घेतात त्यावर सही करायची नसते. करा म्हणाले तरी नाही. कोर्टातही साक्ष लिहून झाल्यावर वाचून दाखवतात, तिथेही चूक सांगता येते. न्यायाधीश रागावत नाहीत. निदान मी तरी रागावलेले पाहिले नाहीत.

लिहिणं सोपं आहे, हे मला माहीत आहे. २०२५च्या दिवाळीनंतर माझ्या बहिणीच्या मुलीवर ही वेळ आली. (तिला विचारूनच लिहितेय.) दुसऱ्या तालुक्याचं ठाणं, आमच्या कोर्टाशी संबंध नाही. मी मावशी म्हणून बरोबर गेले, ओळखपत्र पर्समधून काढलं नाही. अडीच तास बसलो. जमादारांनी वाचून दाखवलं, 'सुरुवातीचे सहा महिने चांगले नांदविले.' पोरगी इंजिनीयर, एरवी माझ्यावर इंग्रजीत ओरडणारी, आणि ती मान हलवून मोकळी! मीच म्हटलं, 'अगं, तू तर म्हणालीस तिसऱ्याच दिवशी त्याने तुझा फोन आणि एटीएम कार्ड काढून घेतलं, आणि ऑफिसला जायला रोज मोजून चाळीस रुपये हातावर ठेवायचा.' ती म्हणाली, 'मावशी, ते काय सांगायचं, ते किरकोळ आहे.'

जमादार तसे भले होते. म्हणाले, 'मॅडम, हे कलमात बसत नाही हो. मारहाण मजबूत पाहिजे.' मी म्हटलं, 'बसतं की नाही ते कोर्ट बघेल. ती बोलली तसं घ्या.' त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुर्ची पुढे ओढून सहा महिन्यांचं वाक्य खोडलं आणि तिला विचारलं, 'हां बाळ, चाळीस म्हणालीस ना? रोज? सुट्टे का नोट?'

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग सांगायला लागली.