अस्तर साडेसहा, तारीख पुढे : आयव्हीएफमधला सात मिलिमीटरचा तिढा

बेळगाव : आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या घरांत एक आकडा पाठ झालेला असतो, सात मिलिमीटर. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी तेवढी भरली तर भ्रूण आत सोडायचा, नाहीतर तारीख पुढे. गोळ्या, फेऱ्या, कामावरची रजा, सगळा हिशेब या एका मापावर अडतो.

पण ही पास-नापासची रेघ नव्हे. कॅनडातील 40 हजारांहून अधिक ट्रान्स्फरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ताजा भ्रूण सोडताना अस्तर 8 मिमी किंवा जास्त असेल तर सुमारे 34 टक्के वेळा मूल जन्मले. अस्तर 5 ते 6 मिमी असताना हे प्रमाण 18 टक्क्यांवर आले. गोठवलेल्या भ्रूणांत घसरण 7 मिमीच्या खाली दिसली. म्हणजे शक्यता घटते, संपत नाही. साडेसहाला 'आता काही होत नाही' म्हणणं जसं चूक, तसंच आठ आलं म्हणून पेढे वाटणंही घाईचं. भ्रूणाची प्रत आणि स्त्रीचं वय हेही तेवढंच बोलतात. शिवाय मोजणारा हात बदलला तरी मापात थोडा फरक पडतोच.

भ्रूण गोठवलेला असेल तर एखादा महिना थांबण्यात त्याचं नुकसान नाही. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये तो तसाच राहतो. झळ बसते ती खिशाला आणि मनाला. मात्र दोन-तीन महिने औषधं वाढवूनही अस्तर तिथंच अडलं, तर प्रश्न बदलतो. पूर्वीच्या क्युरेटिंगनंतर आत चिकटलेले पडदे, किंवा आपल्याकडे अजूनही आढळणारा गर्भाशयाचा क्षयरोग, हे आधी दुर्बिणीने तपासायला हवं. तेही नसेल तर त्या बाईचं अस्तर तेवढंच असतं. मग सातची वाट बघण्यात अर्थ नाही.

नेमकी इथंच बिलात नवी ओळ चढते. पीआरपी, सिल्डेनाफिल यांचा पुरावा अजून तोकडा आहे. ट्रान्स्फरची 'योग्य वेळ' सांगणाऱ्या महागड्या अस्तर-चाचणीने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं 2022 मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसलं. आयुष्मान भारतमध्ये आयव्हीएफ बसत नाही. गोवा मेडिकल कॉलेजात 2023 मध्ये मोफत केंद्र सुरू झालं. सीमेच्या अलीकडची जोडपी मात्र बहुतेक खासगीच्याच दारात.

2021 च्या कायद्यानुसार खर्च, धोके आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. ट्रान्स्फर पुढे ढकलताना 'अस्तर कमी आहे' एवढंच ऐकून परतणाऱ्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : किती आहे, आधीच्या महिन्यात किती होतं, आणि नव्या औषधाचे पैसे वेगळे किती.